लेक म्हणते, संशोधक डॉक्टर व्हायचंय
(प्रभाग संघाच्या मासिक सभेतील भाषण)



समजा तुमची लेक म्हणाली, "मला डॉक्टर व्हायचंय, पण नुसता दवाखाना टाकायचा नाही, आजारांवर संशोधन करायचंय." घरात लगेच प्रश्न येतो, "किती वर्षं शिकणार? आणि लग्न कधी?" चला, त्या वर्षांचा हिशेब मांडू. हिशेब आपल्याला नवा नाही.

आधी विषय. बाळाला बीसीजी टोचली की शरीर क्षयाशी लढायला शिकतं. साप चावल्यावर देतात ते औषध घोड्याला थोडं थोडं विष टोचून, त्याच्या रक्तापासून बनवतात. आमवातात हीच लढायची ताकद उलटते आणि आपल्याच सांध्यांवर हल्ला करते. या ताकदीचा अभ्यास म्हणजे रोगप्रतिकारशास्त्र, म्हणजेच इम्युनॉलॉजी.

आता रस्ता. दहावीनंतर जीवशास्त्र घेऊन विज्ञान शाखा, 2 वर्षं. मग नीट परीक्षा, ती मराठीतूनही देता येते. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप 1 वर्ष. सरकारी कॉलेजात शिकलं तर पुढे 1 वर्ष बंधपत्राची सेवा. नंतर पुन्हा परीक्षा देऊन एमडी, 3 वर्षं. शेवटी पीएच.डी., साधारण 4-5 वर्षं. बेरीज सोळाच्या आसपास. ऐकून छाती दडपते ना?

पण आता खर्चाची बाजू बघा. सरकारी कॉलेज मिळालं तर घरचा पैसा लागतो तो पहिली साडेसहा वर्षं. इंटर्नशिपला विद्यावेतन असतं, सेवेत पगार, एमडीला दरमहा विद्यावेतन, पीएच.डी.ला फेलोशिप. म्हणजे अर्ध्याहून जास्त वर्षं पोरगी कमावत शिकते. खासगी कॉलेजची फी मात्र वर्षाला लाखांत जाते, तिथं शब्द देण्याआधी दहादा विचार करा.

डॉ. सौम्या स्वामीनाथन पुण्यात एमबीबीएस झाल्या, दिल्लीच्या एम्समधून बालरोगतज्ज्ञ झाल्या आणि चेन्नईत क्षयरोगावर संशोधन केलं. पुढे त्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ झाल्या. आणि नीटमध्ये नंबर नाही लागला तरी दार बंद होत नाही. बी.एस्सी., एम.एस्सी., पीएच.डी. करूनही संशोधक होता येतं. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे तशाच, कर्करोग आणि कुष्ठरोगावर काम केलेल्या.

मग आपण काय करायचं? जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला अकरावीतच काढायला घ्या. ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ केली तर मार्क असूनही जागा हातची जाते. शैक्षणिक कर्जाची चौकशी बँकेत आधीच करा. आणि एमबीबीएस झाल्या झाल्या "आता पुरे, लग्न कर" म्हणू नका. लग्न करायचं तर करू द्या, पण पुढच्या शिक्षणाचं बोलणं बैठकीतच पक्कं करा.

दहावी-अकरावीच्या मुलींच्या आयांनी पुढच्या सभेला लेकीला सोबत आणा. कोणता दाखला आहे, कोणता राहिलाय, ते आपण मिळून तपासू.