देवमाशाचें तेल आणि गुलामाचा घाम
(वेसावें येथील कोळीवाड्यांत एका सभेंत झालेलें व्याख्यान)



सभेला येतांना वाटेंत एका स्नेह्यानें आम्हांस विचारलें, "आज कशावर बोलणार?" आम्हीं म्हटलें, "देवमाशावर." तो हंसून म्हणाला, "कोळीवाड्यांत जाऊन माशावर व्याख्यान! मग उद्यां कुंभारवाड्यांत जाऊन मडक्यावर बोला." त्याची थट्टा रास्त आहे. मासा कसा धरावा हें तुम्हांस शिकविण्याची आमची छाती नाहीं. तें तुम्हींच आम्हांस शिकवावें. आम्ही आलों आहों तें माशाच्या पाठीमागें उभ्या असलेल्या माणसाची हकीकत सांगण्यासाठीं. ती शेवटपर्यंत ऐका. तिच्यांत होडीचा वाटा, सावकाराची उचल आणि आपल्या मुंबईचा पैसा हीं सर्व येतात.

सन २०१६ च्या जानेवारीच्या अखेरीस जुहूच्या किनाऱ्याला एक मेलेला देवमासा लागला. तीस फुटांचें तें धूड पाहण्यास अंधेरी, पार्लें, सांताक्रूझ येथून माणसें लोटलीं. कोणी हात जोडले, कोणी फोटो काढले. आपल्या भाषेनें या प्राण्याला देवाचें नांव दिलें आहे. पण ज्याला आपण देव म्हटलें, त्यालाच दुसऱ्या मुलखांत पिढ्यानपिढ्या कढईंत घातलें, आणि त्या कढईखालीं जाळ घालणारांत गुलामीच्या बेड्या तोडून पळालेलीं माणसें होतीं, हें त्या गर्दींतल्या कितीजणांस ठाऊक होतें?

तेव्हां वीज नव्हती आणि रॉकेलही नव्हतें. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर नॅन्टकेट नांवाचें एक बेट आणि न्यू बेडफर्ड नांवाचें एक बंदर आहे. तेथून जहाजें निघत, तीं तीन-तीन चार-चार वर्षें घर पाहत नसत. देवमासा दिसला कीं लहान होड्या पाण्यांत सोडायच्या, वल्हीं मारीत त्याच्या अंगाला भिडायचें आणि दोरीला बांधलेला लोखंडी भाला त्याच्यांत रुतवायचा. मेल्यावर त्याला जहाजाच्या कुशीशीं बांधून चरबी सोलायची, आणि जहाजावरच विटांची चूल रचून मोठाल्या कढयांत ती कढवायची. तें तेल पिंपांत भरून आणीत. त्यावर शहरांतले दिवे जळत आणि कारखान्यांची चाकें फिरत. स्पर्म जातीच्या देवमाशाच्या डोक्यांत मेणासारखें द्रव्य असतें. त्याच्या मेणबत्त्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत लागत, कारण त्यांना धूर नाहीं आणि घाण वासही नाहीं. धूर आणि वास सारा जहाजावरच्या खलाशाच्या नाकांत गेलेला असे!

आतां या मेणबत्तीचा गुलामांशीं काय संबंध? ऱ्होड आयलंड प्रांतांत प्रॉव्हिडन्स येथें ब्राऊन नांवाचे बंधू होते. देवमाशाच्या मेणबत्त्या करण्याचा त्यांचा मोठा कारखाना होता. याच बंधूंनीं १७६४ सालीं 'सॅली' नांवाचें जहाज आफ्रिकेस गुलाम आणण्यासाठीं धाडलें. त्या जहाजाच्या कप्तानानें १९६ माणसें विकत घेतलीं आणि त्यांपैकीं निदान १०९ मेलीं. पुढें याच घराण्याच्या नांवानें तेथील विद्यापीठ ओळखलें जाऊं लागलें. त्याच विद्यापीठानें २००६ सालीं आपल्या जुन्या वह्या स्वतः उघडून हा सारा हिशेब जगापुढें मांडला. आपल्याकडे किती देवळांनीं, किती धर्मशाळांनीं आणि किती विद्यालयांनीं आपल्या देणगीचा पैसा कोणाच्या घामांतून आला हें असें उघडून दाखविलें आहे? हा प्रश्न आम्ही येथें ठेवून पुढें जातों.

तुम्ही सुकी मासळी करणारे लोक आहां, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतों. त्याच किनाऱ्यावरचे व्यापारी खारवलेल्या माशांतला उत्तम माल युरोपला पाठवीत, आणि तुटका, उरलासुरला, कोणी विकत न घेई असा माल वेस्ट इंडीजच्या उंसाच्या मळ्यांतील गुलामांच्या पोटासाठीं धाडीत. चांगलें तें धन्याला आणि उरलें तें राबणाऱ्याला, हा कायदा कोणत्या पोथींत लिहिला आहे तें आम्हांस ठाऊक नाहीं. पण तो सर्व देशांत पाळला जातो खरा.

तरी समुद्राचा एक गुण आहे. लाट जात विचारीत नाहीं. देवमाशाच्या जहाजावर हाताला बळ पाहिजे असे, म्हणून तेथें काळ्या माणसाला जमिनीवर मिळत नसे अशी जागा मिळे. नॅन्टकेटचा प्रिन्स बॉस्टन हा गुलाम अशा एका सफरीहून परत आला. त्याचा धनी त्याची मजुरी मागूं लागला. जहाजाच्या मालकानें ती मजुरी धन्याच्या हातीं न देतां प्रिन्सच्याच हातीं दिली. प्रकरण कोर्टांत गेलें आणि १७७३ च्या सुमारास प्रिन्स मोकळा झाला. त्याचा पुतण्या ॲब्सलम बॉस्टन १८२२ सालीं स्वतः कप्तान होऊन सगळे काळे खलाशी घेऊन देवमाशाच्या शिकारीस गेला. पाहा, आपल्या घामाचा पैसा आपल्या हातांत पडला कीं एका पिढींत काय होतें!

पण हें चित्र सारें गोड नाहीं. फ्रेडरिक डग्लस हा थोर पुरुष १८३८ सालीं गुलामींतून पळून न्यू बेडफर्डला आला. जहाजाच्या फळ्यांच्या फटी बुजविण्याचें काम तो शिकलेला होता. एका मालकानें त्याला तें काम देऊं केलें, तर गोरे कारागीर म्हणाले, "हा आला तर आम्ही चाललों." मग त्या माणसानें लांकडें फोडलीं आणि तेलाचीं पिंपें लोटलीं. गुलामी गेली, पण हुन्नराच्या दारावरची कडी तशीच राहिली. दुसरा लुईस टेंपल. हाही जन्मानें गुलाम, पुढें न्यू बेडफर्डचा लोहार. माशाच्या अंगांत शिरल्यावर टोंक आडवें फिरून निसटणार नाहीं असा भाला त्यानें १८४८ सालीं बनविला. साऱ्या धंद्यानें तो उचलला आणि मालकांनीं त्यावर पैसा केला. लुईसनें त्याचें पेटंट घेतलें नव्हतें. १८५४ सालीं तो मेला तेव्हां त्याच्या घरावर कर्ज होतें. हुन्नर आपला आणि नफा दुसऱ्याचा! बलुतेदारांच्या पोरांना ही गोष्ट नवी नाहीं.

आणि याहून वाईट पुढें आहे. गुलामांचा व्यापार कायद्यानें बंद झाल्यावर आरमाराचे लोक संशयित जहाजें तपासीत. पाण्याचीं फाजील पिंपें, मोठ्या कढया आणि जादा फळ्या सांपडल्या कीं हें जहाज गुलाम भरणारें आहे असें धरीत. आतां पाहा, कढया, पिंपें आणि फळ्या तर देवमाशाच्या जहाजावर असायच्याच! तेव्हां १८५० च्या पुढें कांहीं लोभी मालकांनीं जुनीं शिकारी जहाजें घेऊन त्यांतून आफ्रिकेचे गुलाम नेले. ज्या बंदरांत पळालेल्या गुलामाला आसरा मिळे, त्याच बंदरांतून गुलाम भरणारें जहाज सजून निघे. म्हणून गांवाचें नांव पाहून कोणास संत म्हणूं नये, वही पाहावी.

"हें सगळें गोऱ्यांचें पाप, आपणांस काय?" असें कोणी म्हणेल. थांबा. हीच अमेरिकन शिकारी जहाजें आपल्या हिंदी महासागरांतही येत आणि जांजीबारच्या बंदरांत विसावत. जांजीबारचा बाजार हस्तिदंताचा आणि माणसांचा. तेथील सुलतानाच्या जकातीचा मक्ता बरींच वर्षें कोणाकडे होता? जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे. हस्तिदंत मुंबईला येई आणि मुंबईचें भांडवल तिकडे जाई. १८४३ च्या कायद्यानें हिंदुस्थानांत गुलामीला सरकारचा आधार राहिला नव्हता. तरी जांजीबारांतील हिंदी व्यापाऱ्यांच्या घरीं इतके गुलाम होते कीं १८६० च्या सुमारास ब्रिटिश वकील रिग्बी याला ते हजारांनीं सोडवावे लागले. एक पोरगा तर लहानपणीं धरून आपल्या किनाऱ्यावर आणून विकला गेला आणि आपल्या शहराचेंच नांव त्याला चिकटलें. तो सिद्दी मुबारक बाँबे. पुढें बर्टन, स्पेक, स्टॅन्ले या प्रवाशांना आफ्रिकेची वाट दाखविणारा तोच. नद्यांचे उगम शोधल्याचा मान प्रवाशांना, आणि वाट दाखविणाराला एका शहराचें उसनें नांव!

आरमारानें समुद्रावर सोडविलेले आफ्रिकन मुंबईस आणीत. कोणी गोदींत लागले, कोणी आगबोटीच्या भट्टीपाशीं कोळसा ओढीत. मुलांना मिशनऱ्यांनीं नाशिकजवळ शरणपूर येथें ठेवून लोहारकी, सुतारकी आणि लिहिणेंवाचणें शिकविलें. लिव्हिंग्स्टन १८७३ च्या मे महिन्यांत आफ्रिकेंत मेला, तेव्हां सुसी व चुमा यांनीं आणि त्यांच्या सोबत्यांनीं त्याचा देह महिनोन्महिने खांद्यावर वाहून समुद्रापर्यंत आणला. सुसी मुंबईच्या गोदींत राबलेला, चुमा मुंबईच्या शाळेंत बसलेला. त्याच्या मृत्यूचा लेख झाडावर कोरणारा जेकब वेनराइट नाशिकास शिकलेला. गोदावरीच्या कांठीं शिकलेलीं अक्षरें आफ्रिकेच्या अरण्यांत एका झाडावर उमटलीं! ज्याला कालपर्यंत मालाप्रमाणें मोजीत होते, त्याच्या हातीं लेखणी आली आणि जगाचा इतिहास त्यानें लिहिला.

आतां १८७३ हें साल मनांत ठेवा. त्याच सालच्या जूनमध्यें जांजीबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. तो तह घडवून आणणारा बार्टल फ्रिअर हा मुंबईचा माजी गव्हर्नर. आणि त्याच सालीं पुण्यांत जोतीराव फुले यांनीं 'गुलामगिरी' हें पुस्तक छापलें, तें अमेरिकेंतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केलें, आणि २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापिला. फुलेमाळ्याच्या घरांतल्या या पुरुषाला न्यू बेडफर्ड पाहावें लागलें नाहीं. बेडी पायांत असो कीं मनांत असो, लोखंड एकच, हें त्यानें पुण्यांत बसून ओळखलें. आम्ही ती अर्पणपत्रिका मोठ्या अभिमानानें सांगतों. पण तिच्यामुळें आपल्यावर एक कर्ज चढलें आहे, तें आम्ही विसरतों.

तें कर्ज कोणतें? नाखवांनो, आतां राग मानूं नका. देवमाशाच्या जहाजावरही पगार नव्हता, वाटाच होता. नवख्या खलाशाला दीडशेंवा, दोनशेंवा हिस्सा. निघतांना उचल, वाटेंत कपडा-तंबाखू उधार, आणि चार वर्षांनीं हिशेब केला तर उलट खलाशीच देणेकरी! हिशेबाची वही कप्तानाच्या पेटींत. आज नारळी पौर्णिमेला तुमच्या होडीवर जो खलाशी चढतो, तो पालघरच्या पाड्यावरून किंवा परप्रांतांतून येतो. त्याची उचल किती, वाटा किती, आणि वही कोणाच्या हातीं? दलालानें तुम्हांला नाडलें म्हणून तुम्ही ओरडतां, तें बरोबरच आहे. पण तुमच्या हाताखालच्या पोराला वही दाखवितां काय? उचलीपोटीं माणूस अडकवून ठेवणें हा १९७६ च्या कायद्यानें गुन्हा आहे. कायद्याच्या आधीं मात्र माणुसकी आहे. वरच्यापुढें हक्क मागावा आणि खालच्यापुढें धनी व्हावें, असें करणारानें फुल्यांचें नांव घेऊं नये.

देवमाशाचें पुढें काय झालें तेंही सांगतों. १८५९ सालीं पेनसिल्व्हेनियांत जमिनींतून खनिज तेल निघालें आणि दिव्यांसाठीं त्याला मारणें कमी झालें. पण यंत्राच्या बोटी आल्यावर कत्तल पुन्हां वाढली. १९६६ सालीं सोव्हिएत जहाजांनीं आपल्याच अरबी समुद्रांत कुबडाचे देवमासे चोरून मारले. त्या एका जातीचे त्या मोहिमांत २४२ मारले गेले, आणि आज त्यांचा अरबी समुद्रांतला कळप बोटांवर मोजण्याइतका उरला आहे. १९७९ सालीं हिंदी महासागर त्यांच्यासाठीं अभय म्हणून ठरला. तरी अंबराच्या लोभानें अजून आपल्या मुंबई-ठाण्यांत माणसें पकडलीं जातात. लोभाला माणूस काय आणि मासा काय, दोन्ही तोलून विकायचा माल!

म्हणून आमचें मागणें थोडकें आहे. प्रत्येक होडीवर हिशेबाची एक वही उघडी असावी, ती खलाशाला वाचून दाखवावी, आणि त्याला वाचतां येत नसेल तर या पावसाळ्यांत होड्या नांगरलेल्या असतील तेव्हां याच वाड्यांत त्याला चार अक्षरें शिकवावीं. जेकब वेनराइटला कोणी तरी पाटी दिली होती. आपण एका पोराला पाटी दिली, तर ती अर्पणपत्रिका आपण वाचली असें होईल. पुन्हां जुहूला देवमासा लागला तर हात अवश्य जोडा. पण घरीं येऊन ती वही उघडा.