ग्रामसभेच्या वहीवर सही करण्यापूर्वीं

(एका शाळामास्तरानें गांवच्या चावडीपुढें केलेलें भाषण)



मी तुमच्या मुलांचा मास्तर, वक्ता नव्हे. पण परवां चौथीच्या एका मुलीला मीं विचारलें, "ग्रामसभा म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "गुरुजी, शिपाई घरीं वही आणतो आणि आई-बाबा सही करतात, ती." वर्गांत कोणी हंसलें नाहीं. सर्वांच्या घरीं तसेंच चालतें! त्या दिवशीं मला माझीच लाज वाटली. त्या वहीवर माझीहि सही आहे.

आपण बैल घेतांना दांत पाहतों, मडकें घेतांना वाजवून पाहतों. मग गांवाच्या पैशाचा हिशेब न पाहतां सही कां करावी?

पूर्वीं आपल्या आज्या-पणज्यांना मत नव्हतें. १९१९ च्या कायद्यांत शेतसारा आणि मालमत्ता पाहून मत मिळे. कुळाला व मजुराला कोण विचारतो? १९५१-५२ च्या निवडणुकींत सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना मत मिळालें. पुढें ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलांत आली व ग्रामसभेला घटनेंत स्थान मिळालें. मतदारयादींत नांव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद आहे. सरपंच गांवचा मालक नव्हे.

वर्षांत निदान चार ग्रामसभा झाल्याच पाहिजेत. विकासाची योजना व तिचा खर्च मंजूर करणें, घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थी निवडणें, हीं कामें तिचीं आहेत. नियमित सभेपूर्वीं महिलांची वेगळी सभा घ्यावी, असाहि नियम आहे.

आतां खरी मेख ऐका. सभेला शंभर मतदार किंवा शेंकडा पंधरा, यांपैकीं कमी असेल तेवढी हजेरी लागते. ती भरली नाहीं, तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला हजेरीची अट नाहीं! म्हणजे आपण घरीं बसलों म्हणून काम थांबत नाहीं. दहा जण बसून सर्व गांवाचा निर्णय करतात. आणि घरीं बसून केलेली सही त्या रिकाम्या सभेलाहि भरलेली दाखविते.

कोणी म्हणेल, "मास्तर, मजुरी बुडते." खरें आहे. म्हणून सगळ्यांनीं नको, प्रत्येक घरांतून एकानें यावें; आज दादा, पुढल्या वेळीं वहिनी. कोणी म्हणेल, "मोठ्यांपुढें बोलावें कसें?" बोलूं नका. एवढेंच म्हणा, "ठराव मोठ्यानें वाचून दाखवा." तो ऐका, पटला तर सही करा.

आणि वही घरीं आली, तर शिपायाला पाणी द्या, बसवा, आणि सांगा, "दादा, सही आम्ही सभेंत करूं."

पुढल्या वर्षीं मी तोच प्रश्न वर्गांत विचारणार आहें. मुलांनीं काय उत्तर द्यावें, तें तुम्हीं ठरवावयाचें आहे.