वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार व संसार
(रुग्णालयाच्या वार्षिक रुग्ण-स्नेहमेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात जमाखर्चाचा आढावा सादर करणे एवढेच काम माझ्याकडे असते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकीय विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही, हे मी जाणतो. तरीही यंदा विश्वस्तांनी हा विषय मला दिला, आणि त्याचे कारण आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. २०१७ साली माझे वजन १२८ किलो होते. मधुमेहासाठी इन्सुलिन सुरू होते, रात्री झोपेत श्वास अडकत असे आणि रुग्णालयाचा जिना चढताना मला मध्ये थांबावे लागे. त्या वर्षी नागपूर येथे माझ्यावर जठराची बायपास शस्त्रक्रिया झाली. आज मी जे सांगणार आहे, त्यातील वैद्यकीय भाग आपल्या डॉक्टरांनी वाचून तपासून दिलेला आहे. उरलेला माझ्या घरातला आहे, त्याची जबाबदारी माझी.

हा विषय ठरला तेव्हा एका ज्येष्ठ हितचिंतकांनी विचारले, "कुपोषणाच्या मुलखात लठ्ठपणावर भाषण कशाला?" प्रश्न रास्त होता. आपल्या बाह्यरुग्ण विभागात आजही अंगावर मांस नसलेली बालके येतात, सिकलसेलचे रुग्ण येतात. परंतु २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश, तर २४ टक्के स्त्रिया स्थूल किंवा प्रमाणापेक्षा अधिक वजनाच्या आढळल्या. दोन्ही दुखणी एकाच देशात, पुष्कळदा एकाच गल्लीत आणि क्वचित एकाच घरात नांदतात. राईस मिलच्या दारात पोते उचलणारा आणि आत गल्ल्यावर बसणारा, हे दोघेही आपलेच रुग्ण आहेत.

विदर्भातील सर्वसामान्य माणसाला 'बेरियाट्रिक' हा शब्द बहुधा २०११ साली प्रथम ऐकू आला. त्या वर्षी नागपूरचे श्री. नितीन गडकरी, जे तेव्हा भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते, यांच्यावर मुंबईत ही शस्त्रक्रिया झाली. खाण्याच्या आवडीबद्दल प्रसिद्ध असलेला आपल्याकडचा माणूस असे काही करवून घेतो, याची चर्चा मूलच्या चहाच्या टपरीवरदेखील झाली. पुढे २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तमधील इमान अहमद यांना विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले गेले. त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले जात होते. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात त्यांना अबुधाबीस नेण्यात आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचे तेथे निधन झाले. त्यांचे आजार अनेक आणि जुने होते, त्यामुळे त्यांच्या प्रकरणावरून इतरांविषयी निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. पण त्या वर्षी माझ्या घरी रोज दूरचित्रवाणीवर ती बातमी लागे आणि माझी आई देवघरात जाऊन बसे, हे मला आठवते. या शस्त्रक्रियेची भीती आणि तिच्याविषयीच्या भाबड्या अपेक्षा, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे बातम्यांतून आल्या. शस्त्रक्रियेनंतर रोज दुपारी बारा वाजता ताटात काय वाढावयाचे, हे कोणत्याच बातमीने सांगितले नाही.

शस्त्रक्रियेत काय होते, ते थोडक्यात सांगतो. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी एक लहानशी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दुसऱ्या प्रकारात, ज्याला स्लीव्ह म्हणतात, जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. भुकेची संप्रेरकेही बदलतात, त्यामुळे पहिले काही महिने भूक लागतच नाही. पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ, मग गाळलेले व घोटलेले, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न, असा क्रम असतो. मधुमेहाची औषधे डॉक्टरांनी लगेच कमी करावी लागतात. याबाबतीत घरच्या घरी निर्णय घेणे धोक्याचे आहे. स्त्रियांनी पहिले बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी. तिसऱ्या महिन्यापासून केस गळू लागतात. त्याने घाबरू नये, बहुतेकांचे परत येतात.

आता भाताकडे वळतो, कारण खरी अडचण तेथे आहे.

आपला मुलूख धानाचा. आपल्याकडे जेवण म्हणजे भात. वरण, भाजी, चून, मासा ही सारी त्याच्या सोबतीला. शस्त्रक्रियेनंतर हा हिशेब उलटा करावा लागतो. ज्या पिशवीत सुरुवातीला जेमतेम दोन-तीन घास मावतात, ती भाताने भरली तर प्रथिनांना जागाच उरत नाही. प्रथिने कमी पडली की शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्ची घालते. माझ्या आहारतज्ज्ञ भगिनींनी मला एकच आकडा दिला होता : दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने. आकडा मिळाल्यावर मला हायसे वाटले, कारण आकड्यांशी माझी जुनी ओळख. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम. प्रत्येकी ३० ग्रॅम डाळीच्या घट्ट वरणाच्या दोन वाट्या, १४. शंभर ग्रॅम मासा, सुमारे १८. अर्धा लिटर दूध किंवा त्याचे दही, १६. बेरीज ६०. जे मासा-अंडे खात नाहीत, त्यांनी पनीर, सोयाबीनच्या वड्या आणि मोड आलेली कडधान्ये यांवर ही बेरीज जमवावी. यांतील एकही वस्तू नागपूरहून आणावी लागत नाही. आपल्या मामा तलावांतील रोहू आणि मरळ बाजारात येते. परदेशी भुकटीचे डबे पहिल्या काही आठवड्यांत उपयोगी पडतात, परंतु त्यांच्यावर जन्म काढण्याचे कारण नाही.

म्हणून पानात आधी वरण किंवा मासा, मग भाजी, आणि जागा उरलीच तर दोन चमचे भात. पहिल्या वर्षी पुष्कळांना भात सोसतच नाही. तो छातीशी अडकल्यासारखा होतो. घास बारीक चावावा, जेवणास वीस मिनिटे लागू द्यावीत. पाण्याचा तांब्या ताटाजवळ ठेवू नये. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने प्यावे, आणि दिवसभर घोटघोट प्यावे. नियम लहान दिसतो, पण जेवताना पाणी पिण्याची पन्नास वर्षांची सवय मोडण्यास मला चार महिने लागले.

माझी पत्नी येथे बसली आहे, तिच्या परवानगीने सांगतो. शस्त्रक्रियेनंतर सर्वांत अधिक त्रास तिला झाला. तीस वर्षे ज्या माणसाला पोटभर वाढले, तो आता अर्धी वाटी वरण घेऊन उठतो, हे तिला अपमानासारखे वाटे. माझी आई म्हणे, अन्नाला नाही म्हणू नये. नातेवाइकांत वेगळीच कुजबुज सुरू झाली. आपल्याकडे माणूस भराभर वाळू लागला की लोकांच्या मनात आधी क्षयाची, नाही तर कर्करोगाची शंका येते. दोघा परिचितांनी माझ्या मुलाला बाजूला घेऊन "बाबांचे खरे काय आहे?" असे विचारले. मी सुरुवातीस शस्त्रक्रियेची गोष्ट लपवीत असे, आणि लपविल्याने आग्रह अधिकच वाढे.

एका भाच्याच्या लग्नात, सावलीला, मी हा आग्रह मोडू शकलो नाही. दोन जिलेब्या आणि वाटीभर बासुंदी घेतली. पंधरा-वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यांसमोर अंधारी. मांडवात पळापळ झाली. हृदयविकाराचा झटका समजून मंडळींनी गाडी काढली. प्रत्यक्षात साखरेचा तो मोठा घोट सरळ आतड्यात उतरला होता. वैद्यकीय भाषेत याला डम्पिंग म्हणतात. तासाभरात मी बरा झालो, परंतु वधूपित्याचा चेहरा मला अजून आठवतो. दारूबद्दलही येथेच सांगितले पाहिजे. मोहाची असो की बाटलीतली, या शस्त्रक्रियेनंतर ती फार लवकर आणि फार जास्त चढते. खाण्याची जागा पिण्याने भरून काढणारी माणसे मी पाहिली आहेत.

यापुढचा प्रसंग सांगावयास मला संकोच वाटतो.

बायपासनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यावयाच्या असतात. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नयेत, मध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे. रक्ततपासणी पहिल्या वर्षी तीन, सहा व बारा महिन्यांनी, आणि नंतर दरवर्षी. पहिली दोन वर्षे मी हे सारे नेमाने केले. माझे वजन ८६ किलोवर आले, इन्सुलिन सुटले. मग २०२० साली टाळेबंदी आली. सुमारे दीडशे किलोमीटरवरचे नागपूर एकाएकी परदेश झाले. तपासणी राहिली. आपल्या रुग्णालयावर तेव्हा कामाचा केवढा भार होता, हे आपण जाणता. त्या गडबडीत गोळ्याही सुटल्या, आणि काहीच झाले नाही. महिने गेले तरी काही झाले नाही, म्हणून त्या अनावश्यकच असाव्यात, असे मी मनाशी ठरवून टाकले. यकृतातील बी-१२ चा साठा बराच काळ पुरतो, ही गोष्ट मला नंतर समजली. मी शिलकीवर जगत होतो आणि जमेची बाजू कोरी होती.

२०२१ च्या पावसाळ्यात तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या. जीभ लाल होऊन झोंबू लागली. रोकडवहीतील बेरजा चुकू लागल्या. तीस वर्षांत माझी बेरीज चुकली नव्हती, आणि आता कनिष्ठ लिपिक संकोचाने चूक दाखवीत असे. मी ते वयावर ढकलले. एके दिवशी जिन्यात पाऊल कोठे पडते ते न समजून पडलो, तेव्हा आपल्या फिजिशियननी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.२, आणि बी-१२ जवळजवळ संपलेले. "गोळ्या घेता ना?" असे त्यांनी विचारले. मी "हो" म्हणालो. दुसऱ्यांदा विचारल्यावर खरे सांगितले. या रुग्णालयाचा औषधसाठा माझ्या सहीने येतो. बी-१२ ची इंजेक्शने माझ्या खोलीपासून वीस पावलांवरच्या कपाटात होती. उपचाराने रक्त भरून आले, बेरजा जमू लागल्या. डाव्या तळव्यातील बधिरपणा मात्र गेलेला नाही, आणि तो आता जाणार नाही असे डॉक्टर म्हणतात.

त्या वर्षीपासून मी एक नोंदवही ठेवतो. आपल्या परिसरातील ज्यांनी नागपूर, मुंबई, हैदराबाद येथे अशी शस्त्रक्रिया करवून घेतली आहे, त्यांतील अकरा जणांची नावे आज तिच्यात आहेत. ती वही माझ्या कपाटात कुलुपात असते. तपासणीची तारीख जवळ आली की मी स्वतः दूरध्वनी करतो. प्रत्येकाला खिशात ठेवण्यासाठी एक कार्ड दिले आहे. कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या वर्षी, हे त्यावर लिहिलेले असते, आणि खाली सूचना असते की, गुडघेदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळी घेण्यापूर्वी हे कार्ड डॉक्टरांस दाखवावे. बायपासनंतर अशा गोळ्यांनी जोडाच्या ठिकाणी व्रण होऊ शकतो. आणखी एक सूचना ठळक अक्षरांत आहे : उलट्या थांबत नसतील तर दोन दिवस वाट पाहू नये. सततच्या उलट्यांत बी-१ जीवनसत्त्व संपते आणि मेंदूस इजा पोहोचते. अशा वेळी डॉक्टरांना न सांगता नुसते ग्लुकोजचे सलाईन चढविणेही घातक ठरू शकते.

पैशाविषयी बोलल्याशिवाय माझे भाषण पुरे होणार नाही. विमा नियामकाने २०१९ साली पॉलिसींतील वगळण्याच्या बाबींची प्रमाणित भाषा ठरवून दिली. तीनुसार, डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली शस्त्रक्रिया, बॉडी मास इंडेक्स ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ व त्यासोबत हृदयविकार वा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर आजार, अशा अटी पूर्ण होत असतील तर लठ्ठपणाच्या नावाखाली दावा नाकारता येत नाही. पॉलिसी घेऊन माझ्याकडे यावे, मी वाचून देईन. परंतु शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच होतो. गोळ्यांचा आणि तपासण्यांचा दरसाल होतो, आणि तो सहसा विम्यात बसत नाही. निर्णय घेण्यापूर्वी या खर्चाचा अंदाज घरच्या सर्वांसमोर कागदावर मांडावा. सत्तर किलोवर येण्याची स्वप्ने पाहणाऱ्यास हे रुचत नाही. मलाही रुचले नव्हते.

यंदा विश्वस्तांनी या अकरा जणांची वार्षिक रक्ततपासणी ना नफा दराने करण्यास मान्यता दिली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. नमुने आजच घेतले जातील, चार क्रमांकाच्या खोलीत, दुपारी दोनपर्यंत. वही घेऊन मी तेथे बसणार आहे. ज्यांनी अद्याप नाव नोंदविलेले नाही, त्यांनी गर्दी ओसरल्यावर यावे. नाव मोठ्याने विचारले जाणार नाही.

भोजनाची व्यवस्था मागच्या व्हरांड्यात आहे. डाव्या टोकाच्या टेबलावर लहान ताटल्या ठेवल्या आहेत, तेथे आधी घट्ट वरण आणि रोहूचा रस्सा येईल, भात नंतर. वाढणाऱ्या मंडळींना मी सांगून ठेवले आहे की, त्या टेबलावर कोणालाही दुसऱ्यांदा "थोडे घ्या" म्हणावयाचे नाही. माझ्या पत्नीला ते पुन्हा सांगावे लागणार नाही. त्या टेबलावर तीच वाढणार आहे.