जामचे गढूळ पाणी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या काठी मुंगीला शिरायला जागा नसते. पात्राच्या मधोमध झेंडा लावलेले पळसाचे झाड, या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव, आणि दोन्हीकडून गोट्यांचा मारा; ही गोटमार. साऱ्या नजरा झेंड्यावर. पळसाला घासून जाणाऱ्या गढूळ पाण्याकडे बघायला कुणाला फुरसत? आजचे भाषण त्या पाण्याबद्दल आहे.

जाम सौंसरच्या संत्र्याच्या मुलुखातून वाहत कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेत जाते, वैनगंगा आणि वर्धा एक होऊन प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत. सौंसरच्या बांधावरून निसटलेले पाणी थेट आंध्रच्या किनाऱ्यावर, यानमच्या आसपास, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मिसळते. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही, त्यांच्या शेतातले खतही या वाटेने खाडीपर्यंत जाऊ शकते.

ते निसटते कसे, हे संत्र्याच्या बागेत उभे राहिले की कळते. मृग बहार धरायचा म्हणजे उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. पाने मलूल होतात, झाड रुसल्यासारखे दिसते. मृगाच्या पावसावर ताण सुटतो आणि त्याच सुमारास खताची पोती बांधावर येतात. पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला साधारण ६०० ग्रॅम नत्राची शिफारस असते. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे झाडामागे सव्वा किलोच्या वर युरिया; एकरी ११० झाडे धरली तर ४५ किलोची तीन पोती भरून उरतात. हे हप्त्याहप्त्याने द्यायचे असते. पण मजूर आज मिळाला तो उद्या मिळेलच असे नाही, मग सगळे एकाच दिवशी आळ्यात पडते. संध्याकाळी आभाळ फुटते.

पुढचे काम मातीतले जिवाणू करतात. काही दिवसांत युरियाचे नायट्रेट होते, आणि नायट्रेटला काळी माती धरून ठेवू शकत नाही. ते पाण्याबरोबर खाली विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. स्फुरदाची चाल उलटी: ते मातीच्या कणाला घट्ट बिलगते आणि माती वाहिली की तिच्याबरोबर ओढ्याला लागते. जामचा गढूळ रंग दिसतो तो त्या मातीचा.

वाटेत कन्हानला नाग नदी मिळते, नागपूरचे सांडपाणी घेऊन. सगळे आधी वैनगंगेवरच्या गोसीखुर्दच्या जलाशयात थांबते. भंडाऱ्याकडचे लोक पाण्यावर पसरलेल्या जलपर्णीला सरळ इकॉर्निया म्हणतात. तिला पोसणारे नत्र आणि स्फुरद तेच. इथे सारा दोष संत्र्याच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. शहराचे मैलापाणी थांबवायला बागाईतदार कुठून पुरणार?

खाली गोदावरीच्या खाडीत पूर चालू असतो तोवर गाळामुळे पाण्यात उजेड शिरत नाही, म्हणून शेवाळ वाढत नाही. पूर ओसरला, गाळ बसला, की खत तयार आणि ऊनही तयार. शेवाळ फोफावते, मरते, तळाला जाते. ते कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. वर गोड्या पाण्याचा हलका थर झाकणासारखा बसलेला, त्यामुळे हवा खाली पोहोचत नाही. मासा पळतो, खेकडा, शिंपला यांना पळणे कुठले जमते?

अमेरिकेत हा प्रकार अवाढव्य झाला आहे. आयोवाच्या मक्याच्या शेतांतले नत्र मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातात उतरते. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथे सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर समुद्रतळावर प्राणवायू अगदी कमी होता. आयोवाही सौंसरसारखाच समुद्रापासून दूर.

२०१५ पासून देशात युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला; नत्र थोडे सावकाश सुटते. ठिबकमधून खत दिले तर ते मुळापाशी, थोडे थोडे पडते. दोन्ही उपाय मातीच्या वरच्या थराला वाहण्यापासून थांबवत नाहीत. त्यासाठी उताराला आडवे बांध आणि बागेच्या कडेला गवताचा पट्टा लागतो, ज्याचे कुठे पोते मिळत नाही.

गोटमारीच्या त्याच दिवसांत यानमच्या बाजारात पुलसाची वाट पाहणे चालू असते. हा हिलसा मासा. गोदावरीला लाल पूर आला की तो समुद्रातून हीच खाडी ओलांडून नदीत चढतो, आणि एकेक मासा हजारो रुपयांना जातो.