औषध मज्जासंस्थेचं, खूण कातडीवर



मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावरच उलटते. कुणाची नजर अंधुक होते, कुणाचा पाय ओढला जातो. युरोपच्या मानाने आपल्याकडे हा आजार कमी. पारशी समाजात मात्र तो बराच आढळतो, हे मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० साली दाखवून दिलं. कमी असल्यामुळेच जामखेड-अकोल्यासारख्या तालुक्यातल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षांत असा एखादाच रुग्ण पाहिलेला असतो. त्यातून औषध लिहून देणारे मेंदूविकारतज्ज्ञ पुण्यात किंवा नाशकात, आणि अंगावर काही उठलं की दाखवायचं गावच्या डॉक्टरांना. या दोघांची गाठ पडत नाही. धागा जोडायचं काम रुग्णावर आणि घरच्यांवर येतं, आणि त्यांना आधी कुणी काही सांगितलेलंच नसतं. माझी तक्रार आहे ती याबद्दल.

ग्लॅटिरामर हे एमएसवरचं, पोटाच्या, मांडीच्या किंवा दंडाच्या कातडीखाली घरीच टोचायचं औषध. तिथे लाली, खाज, गाठ येणं नेहमीचंच. एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचलं, तर खालची चरबी झिजून खड्डा पडतो, आणि तो सहसा भरून येत नाही. म्हणून जागा बदलत राहायची. फ्रिजमधलं इंजेक्शन थोडा वेळ बाहेर ठेवून मग टोचायचं, म्हणजे झोंबणं कमी होतं.

क्वचित मात्र वेगळंच घडतं. सुई टोचताच असह्य कळ येते, भोवतालची कातडी पांढरी पडते, मग तिच्यावर खिडकीच्या जाळीसारखी जांभळी नक्षी उमटते. काही दिवसांत तो भाग काळा पडून मरतो. याला निकोलाऊ सिंड्रोम म्हणतात. १९२४-२५ च्या सुमारास फ्रॉयडेंथाल आणि निकोलाऊ यांनी त्याचं वर्णन केलं, ते उपदंशावरच्या बिस्मथच्या इंजेक्शनांनंतर. औषध बारीक धमनीत किंवा तिच्यालगत गेल्याने रक्तपुरवठा तुटत असावा, असं मानलं जातं. शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्याच औषधाबाबत कुणीतरी नीट लिहून ठेवलं, म्हणून आज ग्लॅटिरामर घेणाऱ्या बाईच्या मांडीवरची ती नक्षी ओळखू येते. नाहीतर 'पू झालाय' म्हणून नुसत्या अँटिबायोटिकवर आठवडे जातात.

फिंगोलिमॉड ही एमएसवरची, २०१० साली आलेली गोळी. ती लिम्फोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पेशींना लसीका ग्रंथींत अडवून ठेवते, त्यामुळे अंगात दबून असलेला कांजिण्यांचा विषाणू डोकं वर काढू शकतो. त्यातून होणाऱ्या आजाराला आपण नागीण म्हणतो. नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस जातो, ही समजूत आपल्याकडे अजून आहे. त्यापायी गेरू लावण्यात आणि मंत्र घालण्यात मोलाचे दिवस जातात. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या, तर त्यांचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. फिंगोलिमॉड घेणाऱ्याने तर तासभरही दवडू नये. पण फिंगोलिमॉड आपल्या मनाने बंद करू नये. अचानक सोडल्यास एमएस जोराने उसळू शकतो. कांजिण्या झाल्या नसतील, तर गोळी सुरू होण्याआधीच प्रतिपिंडांची तपासणी आणि गरजेनुसार लस, हे डॉक्टरांकडे आग्रहाने मागा.

याउलट एक औषध असं, की तिथे लगेच थांबायचं. एमएसमध्ये चेहऱ्यात उठणाऱ्या कळेवर कार्बामाझेपिन देतात. पहिल्या काही आठवड्यांत ताप, लाल डोळे, तोंडात फोड आणि कातडी सोलवटणं दिसलं, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम असू शकतो, आणि तो जिवावर बेततो. 'गरमी बाहेर पडतेय' म्हणत घरी थांबू नका. एचएलए-बी*१५:०२ हा जनुकीय प्रकार असणाऱ्यांना धोका जास्त, हे २००४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी दाखवलं. २००९ मध्ये भारतातल्या आठ रुग्णांच्या छोट्या अभ्यासात सहा जणांत तो सापडला.

आठच रुग्ण, पण कुणीतरी त्यांची नोंद केली होती! एमएसवरच्या इंटरफेरॉन बीटा-१बी या औषधाची १९९३ ची मुख्य चाचणी ३७२ रुग्णांवर झाली. दहा हजारांत एखाद्याला होणारी गोष्ट एवढ्यांत दिसणार कशी? ती दिसते नंतर, औषध गावोगाव पोचल्यावर, आणि तीही कुणी कळवलं तरच.

त्यासाठी २०१० पासून देशात औषधसुरक्षा कार्यक्रम चालू आहे. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो. रुग्ण स्वतः कळवू शकतो, अर्ज मराठीतही आहे, आणि १८००-१८०-३०२४ हा फोन मोफत आहे. औषधामुळेच झालं, हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची नाही. शंका पुरेशी आहे. पहिल्या दिवसापासून उजेडात फोटो काढा, औषध कधी सुरू झालं आणि डाग कधी उठला हे लिहून ठेवा, आणि खोकं फेकू नका, बॅच नंबर त्यावर असतो.