उत्सवाचे घर आणि दमेकऱ्याचा श्वास



गोमंतकात चवथ जवळ आली की वर्षभर कुलूप लावलेली वडिलोपार्जित घरे उघडतात. दूरदूर पांगलेली भावंडे एका छपराखाली येतात, माटोळी बांधली जाते, आरत्यांनी घर दुमदुमते. अशा वेळी घरातील एखादा मनुष्य मात्र बाहेर ओसरीवर एकटाच बसलेला आढळतो. त्याच्या ठायी भक्ती नाही असे नव्हे. त्याला दमा आहे आणि आतील धुरात त्याचा श्वास कोंडतो. संकोचाने तो बोलत नाही आणि यजमान विचारीत नाही. या मौनातच खरा धोका आहे.

दमा म्हणजे श्वासनलिकांना आलेली दीर्घकाळची सूज. अशा हळव्या नलिकांना धूळ, धूर वा थंड हवा लागली की त्या आकुंचन पावतात, कफ साठतो आणि श्वास सोडताना छातीतून शीळ ऐकू येते. चरकसंहितेतही श्वासरोगाच्या कारणांत धूळ, धूर आणि वारा यांची गणना केलेली आहे.

पावसाळ्यात बंद राहिलेल्या घराच्या भिंतींवर बुरशी चढते. गाद्या-उशांत डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कीटक वाढतात. म्हणून पाहुणे येण्यापूर्वी काही दिवस घर उघडून हवा खेळू द्यावी, जमीन ओल्या फडक्याने पुसावी, चादरी व अभ्रे कढत पाण्यात धुवावेत. हे काम दमेकऱ्याकडे सोपवू नये. देवापुढे धूप, उदबत्ती व कापूर बेताने लावावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. धूर कमी झाल्याने पूजेत काही उणे राहात नाही.

पंगतीतही विवेक हवा. काजू, शेंगदाणे किंवा तीळ काहींच्या प्रकृतीस अजिबात सोसत नाहीत. नेवरीच्या सारणात काय आहे ते वाढणाऱ्याला ठाऊक असावे, आणि कोणी नको म्हटले तर ‘प्रसाद आहे, एवढासा घ्या’ असा आग्रह करू नये. प्रसाद मस्तकी लावूनही स्वीकारता येतो. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठून ओठ-जीभ सुजली व श्वास अडू लागला, तर तो जिवावरचा प्रसंग समजावा. डॉक्टरांनी ॲड्रेनलीनचे इंजेक्शन जवळ दिले असेल तर ते तत्काळ मांडीत टोचून रुग्णालय गाठावे.

खिशात मावणारा, मोजकी मात्रा देणारा औषधी फवारा १९५६ साली अमेरिकेत प्रथम विक्रीस आला. आज फवाऱ्याने घ्यावयाच्या औषधांत एक आकुंचन सोडविणारे व दुसरे सूज शमविणारे असते. सूज शमविणारे औषध बरे वाटत असतानाही नियमाने घ्यावे लागते. प्रवासाच्या धांदलीत किंवा उपवासाच्या दिवशी काही जण नेमके तेच चुकवितात, आणि उत्सवाच्या मध्यरात्री धाप लागते. केवळ आराम देणाऱ्या फवाऱ्यावर विसंबणे हितावह नाही, हे दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शनाने २०१९ साली स्पष्ट केले. फवाऱ्याने ‘सवय लागते’ हा समजही निराधार आहे.

धाप लागलेल्या मनुष्यास आडवे निजवू नये. त्यास ताठ बसवावे, भोवतीची गर्दी हटवावी, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आराम देणारा फवारा द्यावा. दहा-पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एक वाक्यही सलग बोलवत नसेल किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर तेवढाही वेळ थांबू नये.

अतिथीस पाट मांडताना त्याच्या आवडीनिवडी विचारण्याची आपल्या घरांतील रीत जुनी आहे. त्याच वेळी त्याच्या प्रकृतीचीही चौकशी व्हावी आणि दमेकऱ्याचा पाट खिडकीजवळ मांडावा. मग आरतीच्या वेळी ओसरीवर कोणी एकटे बसणार नाही.