वार्धक्य आणि मेंदूतली साखर

 आपल्या रोजच्या कामातल्या एका वाक्यापासून सुरुवात करतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या पेट स्कॅनच्या अहवालात ‘वयोमानानुसार ग्लुकोजचा वापर कमी’ असे आपण सहज लिहून जातो. वय झाले की मेंदूची भूक मंदावणारच, हे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक वाटते तितके पक्के नाही, एवढेच मला आज मांडायचे आहे.

वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तोच खातो, आणि तीही जवळजवळ सगळी ग्लुकोजमधून. १९४८च्या सुमारास केटी आणि श्मिट यांनी माणसाला नायट्रस ऑक्साइड हुंगायला देऊन, धमनीतले आणि मानेच्या शिरेतले रक्त ताडून पाहत मेंदूचा रक्तपुरवठा मोजण्याची रीत बसवली. त्याच रीतीने अमेरिकेत बेथेस्डा येथे वृद्धांचा अभ्यास झाला. तो करणाऱ्यांत डॉ. दराब दस्तूर होते. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी मेंदूच्या विकृतिशास्त्रात मोठे काम केले. १९६३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष आजही नीट वाचला जात नाही, याची मला खंत वाटते. कसून तपासून निरोगी ठरवलेल्या वृद्धांच्या मेंदूचा रक्तपुरवठा आणि प्राणवायूचा वापर तरुणांसारखाच होता. रक्तपुरवठा उणा दिसला तो रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्यांत. पेट आल्यावर वाद पुन्हा पेटला. १९८२मध्ये कूल यांना अठराव्या वर्षाच्या तुलनेत अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मेंदूच्या ग्लुकोज-वापरात सरासरी २६ टक्के घट दिसली. पाठोपाठ रंजन दुआरा आणि सहकाऱ्यांना निरोगी पुरुषांत अशी घट आढळली नाही.

या विसंगतीचे एक मोठे कारण मोजणीतच आहे. मेंदूची करडी साल दोन ते चार मिलिमीटर जाड, आणि पेट यंत्राची नजर त्याहून भरड. साल पातळ झाली की भोवतालचे पाणीही त्याच ठिपक्यात मोजले जाते आणि जिवंत, काम करणारी ऊतीही थकलेली दिसते. २००४मध्ये इबान्येझ आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाब नसलेल्या निरोगी पुरुषांत हे आकसणे हिशेबात धरले, तेव्हा वयाबरोबरची घट उरली नाही. यावर कोणी म्हणेल, आकसणे हीसुद्धा हानीच, ती वजा कशी करता? आक्षेप रास्त आहे. एकूण मेंदूला लागणारे ग्लुकोज कमी होते, हे मान्यच. पण पेशी कमी होणे आणि उरलेल्या पेशी मंदावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे. कपाळामागच्या भागातली घट अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसते, तीही मी नाकारत नाही.

खरा बदल मला वापराच्या प्रकारात दिसतो. प्राणवायूने जाळता येईल त्याहून थोडे जास्त ग्लुकोज तरुण मेंदू घेतो. या जादा साखरेचा संबंध नव्या जोडण्या घडवण्याशी असावा, असे मानले जाते. सेंट लुईसच्या गोयल, रायकल आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवले की वयाबरोबर मुख्यतः हाच जादा भाग ओसरतो. चूल पेटती आहे, बांधकाम मंदावले आहे. अल्झायमरमध्ये मेंदूच्या मागच्या आणि कानशिलाकडच्या भागांत जी घट होते, तिच्याशी याची गल्लत करून चालणार नाही.

आपल्याकडे तर मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी. तपासणीच्या वेळी रक्तातली साखर चढलेली असेल, तर ती तपासणीसाठी टोचलेल्या खुणेच्या ग्लुकोजशी स्पर्धा करते आणि मेंदूतले त्याचे शोषण कमी दिसते. म्हणून माझी विनंती आहे: प्रत्येक अहवालात त्या वेळची रक्तशर्करा, रक्तदाब आणि एमआरआयवरचे मेंदूचे आकारमान नोंदवा. या तीन नोंदी नसतील, तर ‘वयोमानानुसार’ हा शब्द लिहू नका.